कापराच्या पोटलीने ऑक्सिजन वाढत नाही, वेळ मात्र जातो

एप्रिल २०२१. मुंबईत ४ तारखेला एका दिवसात कोविडचे ११,१६३ नवे रुग्ण सापडले होते. महिन्याच्या मध्यात तर ऑक्सिजन संपेल या भीतीने पालिकेला एका रात्रीत सहा रुग्णालयांमधले १६८ रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. त्याच दिवसांत हा मेसेज घरोघरी पोचला: कापूर, लवंग आणि ओवा फडक्यात बांधा, वर निलगिरी तेलाचे दोन-चार थेंब टाका आणि पोटली रात्रंदिवस हुंगत राहा. ऑक्सिजनची पातळी वाढते, लडाखला पर्यटकांना हीच पोटली देतात. मागोमाग आणखी सल्ले आले. रिकामा नेब्युलायझर सिलिंडरचं काम करतो. श्वास १० सेकंद रोखता आला तर फुप्फुसं ठणठणीत आहेत. पालथं झोपा, रुग्णालयाची गरज पडणार नाही. स्टेरॉइड पहिल्या दिवसापासून घ्या. आणि पालिकेला कळवू नका, उचलून नेतात.

खाट मिळत नसताना माणसं पोटलीकडे वळली, यात त्यांचा दोष काढण्यासारखं काही नाही. पण हे मेसेज अजून अनेकांच्या फोनमध्ये पडून आहेत. मे २०२५ मध्ये मुंबईत रुग्ण पुन्हा थोडे वाढले, तेव्हा पालिकेने सेव्हन हिल्स आणि कस्तुरबा रुग्णालयात खाटा राखून ठेवल्या होत्या. हा आजार गेलेला नाही. म्हणून एकेक दावा नीट तपासू.

दावा: पोटली हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, मग ती दादरची असो की डहाणूची. पोटलीतून निघणारी वाफ ही कापराची आणि तेलाची. तिच्यात ऑक्सिजन नसतो. शिवाय कोविडमध्ये अडचण हवेची नसतेच. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना सूज येते, त्यांत पाणी साचतं आणि आत आलेला ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. नाकाशी काहीही धरलं तरी तिथली सूज उतरत नाही.

मग लोकांना बरं का वाटतं? नाकाच्या आतल्या त्वचेत थंडावा ओळखणाऱ्या नसा असतात. कापूर आणि निलगिरी त्या चाळवतात आणि मेंदूला वाटतं की नाक मोकळं झालं. प्रत्यक्षात हवा पूर्वीइतकीच आत जात असते. साध्या सर्दीत हे चालून जातं. कोविडमध्ये मात्र हेच घात करतं, कारण या आजारात रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांपर्यंत उतरलेला माणूसही गप्पा मारत चहा पिताना दिसू शकतो. धाप लागल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. कोविडमध्ये तो बराच काळ नीट बाहेर पडत राहतो, म्हणून शरीर ओरडत नाही. अशा माणसाला पोटलीने आणखी हलकं वाटलं की ‘आता बरं आहे, उद्या बघू’ म्हणत घरचे थांबतात, आणि रुग्णालयात न्यायचे नेमके तास हातचे जातात.

लहान मुलं असलेल्या घरात आणखी एक धोका आहे. पूजेच्या कापराच्या वड्या दिसायला खडीसाखरेसारख्या असतात. मुलाने वडी तोंडात टाकली तर काही मिनिटांत, फार तर तास-दीड तासात, झटके येऊ शकतात. असं झालं तर उलटी करवू नका, मूल बरं दिसलं तरी थेट रुग्णालय गाठा आणि कापराचं पाकीट सोबत न्या. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाशी किंवा छातीवर कापूर, निलगिरी लावू नका.

वाफ घेण्याचंही तसंच. घशाला आराम पडतो, ऑक्सिजन वाढत नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर घेऊन बसल्याने भाजणं मात्र खरं असतं. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट नको, हळद नको.

दावा: लडाखमध्ये हीच पोटली देतात

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथेही हवेत ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं. कमी असतो तो हवेचा दाब, मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश. म्हणून प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन मिळतो. म्हणजे तिथे फुप्फुसं चांगली आणि हवा विरळ, तर कोविडमध्ये हवा पुरेशी आणि फुप्फुसं आजारी. दोन्हीकडे पोटलीचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. उंचीवर त्रास झाला तर वर चढणं थांबवून विश्रांती, सिलिंडरचा ऑक्सिजन, डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅसिटाझोलामाइड आणि त्रास वाढला तर रुग्णाला खाली उतरवणं, हा उपचार आहे.

दावा: रिकामा नेब्युलायझर म्हणजे घरचा सिलिंडर

नेब्युलायझरच्या डब्यात छोटा पंप असतो. तो खोलीतली हवा फिल्टरमधून ओढतो, नळीतून जोरात सोडतो आणि त्या झोताने कपातल्या औषधाचे बारीक तुषार होतात. कपात औषध नसेल तर मास्कमधून खोलीचीच हवा येते, २१ टक्केवाली. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे वेगळं यंत्र. त्यात झिओलाइटचे खडे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि चांगलं यंत्र मिनिटाला ५ लिटरच्या प्रवाहावर ९० टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन देतं. दोन्ही डबे टेबलावर सारखेच गुरगुरतात, म्हणून गफलत होते.

रुग्णाच्या तोंडावरून असा झोत सोडला की त्याच्या श्वासातले विषाणू १० बाय १० च्या खोलीत लांबवर पसरतात, हे वेगळंच. दम्यासाठी डॉक्टरांनी नेब्युलायझर दिला असेल तर तो बंद करू नका. दार लावून, खिडकी उघडून घ्या आणि स्पेसरसह (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) इन्हेलर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

दावा: १० सेकंद श्वास रोखता आला तर कोविड नाही

विशीतला संसर्ग झालेला मुलगा अर्धा मिनिट सहज श्वास रोखेल. बिड्या ओढून छाती खराब झालेल्या आजोबांना कोविड नसतानाही १० सेकंद जमणार नाहीत. या चाचणीतून काहीच कळत नाही. संसर्ग आहे की नाही हे स्वॅब सांगतो आणि फुप्फुसांचं कसं चाललंय हे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारा ऑक्सिमीटर.

दावा: ऑक्सिमीटर काहीही दाखवतो, नव्वदपर्यंत काळजी नको

हा सगळ्यात घातक. ९४ आणि त्यावर ठीक. ९३ किंवा खाली आलं की त्याच दिवशी डॉक्टर. नव्वदच्या खाली म्हणजे थेट रुग्णालय. नव्वदला एवढं महत्त्व का? रक्तातला ऑक्सिजन आणि हा आकडा यांचा आलेख सरळ रेषेत नाही. ९८ वरून ९२ वर येईपर्यंत उतार मंद असतो. नव्वदच्या खाली तो कड्यासारखा होतो. फुप्फुसं अजून थोडी बिघडली की आकडा धाडकन पडतो. सकाळी ९० असलेला रुग्ण दुपारी ८० वर गेला की घरच्यांना ते अचानक झाल्यासारखं वाटतं. उतार मात्र सकाळीच लागलेला असतो.

आता ऑक्सिमीटर चुकतो कुठे, ते. त्यावर दोन आकडे असतात. एसपीओटू म्हणजे ऑक्सिजन आणि पीआर म्हणजे नाडीचे ठोके. घाबरलेल्या घरात ९८ ही नाडी ऑक्सिजन म्हणून कळवली जाते. दुसरी चूक त्याहून वाईट: यंत्र उलटं धरून वाचणं. सरळ रेघांच्या आकड्यांत ८६ उलटं पाहिलं की हुबेहूब ९८ दिसतं. रुग्णाच्या बोटाला लावून समोर बसलेला माणूस वाचतो तेव्हा हे होतं. आधी अक्षरं सुलट दिसताहेत ना ते बघा, मग आकडा.

मोजण्याआधी रुग्णाला ५ मिनिटं स्वस्थ बसवा. नेलपॉलिश काढा. हात गार असेल तर चोळून गरम करा. मधलं किंवा तर्जनीचं बोट आत पूर्ण सरकवा, हात छातीशी टेकवून स्थिर ठेवा, वर थेट ऊन किंवा ट्यूबचा झगझगीत प्रकाश नको. निदान एक मिनिट थांबा आणि आकडा ५ सेकंद स्थिर राहिला की तोच लिहा. चांगलं यंत्रही दोन टक्के इकडेतिकडे दाखवतं. सावळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. म्हणून एका आकड्यावर विसंबू नका, दिवसातून चार वेळा तारीख-वेळेसह वहीत लिहा. ९७, ९६, ९५, ९४ असा उतरता क्रम ही स्वतःच एक बातमी आहे. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी अ‍ॅप्स मात्र अजिबात नकोत.

बसून आकडा ९४ च्या वर असेल तर महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने तेव्हा सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी करा. आधी बसून आकडा लिहा. ऑक्सिमीटर बोटालाच ठेवून सपाट फरशीवर मध्यम गतीने ६ मिनिटं चाला. साठीच्या पुढच्यांनी ३ मिनिटं पुरे. जिना नको. खोली लहान असेल तर आतल्या आत फेऱ्या घाला, चाळीच्या सामायिक गॅलरीत जाऊ नका. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला, आधीच्यापेक्षा ३ हून जास्त उतरला किंवा धाप लागली, गरगरलं, तर लगेच वैद्यकीय मदत घ्या. एक-दोननेच उतरला तर दिवसातून एक-दोनदा पुन्हा बघा. दमा असेल किंवा बसूनच आकडा कमी असेल तर ही चाचणी करू नका.

ऑक्सिमीटर नाही? मग श्वास मोजा. रुग्णाला न सांगता, पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट बघा. २४ किंवा जास्त ही धोक्याची खूण आहे. ओठ निळसर होणं, बोलताना वाक्य तुटणं, छातीत दाब, माणूस गोंधळल्यासारखा वागणं, यांपैकी काहीही दिसलं तर आकड्याची वाट पाहू नका.

दावा: पालथं झोपा, रुग्णालयाची गरज नाही

पहिला अर्धा भाग खरा आहे. पालथं झोपल्याने पाठीकडची फुप्फुसं मोकळी होतात आणि आकडा काही अंकांनी वर येऊ शकतो. उशा चार-पाच लागतात: एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडग्यांखाली. एका स्थितीत अर्धा ते दोन तास, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसून, मग डाव्या कुशीवर. जेवणानंतर तासभर नको. गरोदरपणात, गंभीर हृदयविकारात, मणका, मांडी किंवा कंबरेचं हाड मोडलेलं असताना नको. आणि दुसरा अर्धा भाग चूक. हे रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा खाट मिळेपर्यंत करायचं. पालथं झोपून ९१ चे ९४ झाले म्हणून रुग्णालय रद्द करू नका. उताणं झाल्यावर आकडा परत उतरतो.

दावा: स्टेरॉइड पहिल्याच दिवशी घेतलं तर आजार वाढत नाही

ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत (२०२०) डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिल्याने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. कारण उघड आहे. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू वाढत असतो आणि त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती स्टेरॉइड दाबतं. शिवाय साखर वाढते. २०२१ मध्ये मधुमेही रुग्णांना म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) गाठलं, त्यात बेसुमार स्टेरॉइडचा हात होता. कुणाच्या उरलेल्या पट्टीतली गोळी घेऊ नका. मात्र दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड आधीपासून सुरू असेल तर ते मनाने थांबवूही नका.

दावा: पालिकेला कळवू नका, उचलून नेतात

या भीतीला जागा होती. २०२० मध्ये इमारती सील होत होत्या, शेजारी तोंड फिरवत होते. पण सौम्य रुग्णाला, घरात वेगळी खोली आणि वेगळं शौचालय असेल तर, घरीच राहता येत होतं. कोविड केंद्रात जावं लागे ते मुख्यतः सामायिक शौचालयाच्या चाळीतल्या, वस्तीतल्या लोकांना, आणि तेही बाकीचं कुटुंब वाचावं म्हणून. जून २०२० पासून २४ वॉर्डांत वॉर रूम होत्या आणि खाटा तिथून वाटल्या जात. नाव लपवलेल्या रुग्णाचा आकडा रात्री पडला की वॉर रूमकडे त्याची नोंदच नसायची, आणि पहिल्या फोनपासून सुरुवात करावी लागायची.

आज त्या वॉर रूम नाहीत. पालिकेचा १९१६ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेत. फोन लावण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: वय, पहिलं लक्षण दिसल्याची तारीख, गेल्या चार नोंदींचे आकडे वेळेसह, मिनिटाला श्वास किती, मधुमेह-रक्तदाब-हृदय-मूत्रपिंडाचे आजार, सुरू असलेली औषधं, मजला, लिफ्ट आहे का, आणि स्ट्रेचर वळेल एवढा जिना रुंद आहे का. पलीकडचा माणूस पहिल्यांदा ऑक्सिजनच विचारतो. ‘दम लागतोय’ एवढंच सांगू नका. ‘बसून ९१, दोन तासांपूर्वी ९४, श्वास २८’ असं सांगा.