‘सोलापुरात बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

महोदय (नाव दिलं नाहीत, म्हणून महोदय),

गुरुत्वीय लहरींवरच्या (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “‘लहरी सापडल्या!’ हे शीर्षक चूक. तीन-चार सिग्माच्या पुराव्याला शोध म्हणत नाहीत. सोलापुरात बसून असलं लिहिण्याआधी पुण्यात एखाद्या जाणकाराला विचारावं.” (सिग्मा म्हणजे निष्कर्ष निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप.) शिवाय वाक्यं लांब, चित्र धूसर वगैरे.

शीर्षकातलं उद्गारचिन्ह काढलंय. झालं समाधान?

आता ते ‘सोलापुरात बसून’. पुण्याच्या शास्त्रज्ञांची ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, पुण्यात नाहीच. नारायणगावजवळ खोडदला शेतांमध्ये आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. शहराचा रेडिओ-गोंगाट नको, म्हणूनच तिकडे. विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, मी शाळेची पोरं घेऊन गेलोय. तुम्ही गेलायत कधी? या लहरींचा पुरावा मिळाल्याच्या जून २०२३ च्या घोषणेत युरोपीय गटाच्या जोडीला याच दुर्बिणीची निरीक्षणं होती. पल्सार म्हणजे गरगर फिरत नियमित रेडिओ-ठोके देणारे मृत तारे. त्यांचे ठोके इथवर येताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे रखडतात, आणि रेडिओ-वारंवारता जितकी कमी तितके जास्त. हा उशीर नेमका वजा केल्याशिवाय गुरुत्वीय लहरींनी पाडलेला, सेकंदाच्या कोट्यंशाच्या घरातला फरक हाती लागत नाही. खोडदला कमी वारंवारतेवर ऐकता येतं, म्हणून तिथल्या नोंदींना मोल. हे लेखात होतं, बरं का.

माझी लायकी विचारताय? सोलापूरच्या पूर्व भागात, माग असलेल्या घरात वाढलो. ठोक्याची लय जरा हलली की वडील झोपेतून उठून बसायचे, “धागा तुटला बघ.” पल्सारवाले तरी दुसरं काय करतात? फक्त एका पल्सारवर भागत नाही. नॅनोग्रॅव या उत्तर अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या गटानं ६७ पल्सारांच्या १५ वर्षांच्या नोंदी तपासल्या. आकाशात दोन पल्सारांमधलं दिसणारं (कोनातलं) अंतर बदलेल तसं त्यांच्या ठोक्यांच्या चुकण्यातलं साम्य कसं बदलेल, याचा आलेख हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच मांडला होता. तसाच आलेख नोंदींतून उमटला. मग ‘सापडल्या’ नाही तर काय, ‘हरवल्या’ लिहू?

‘शोध’ म्हणायला पाच सिग्मा लागतात, हा दंडक मलाही ठाऊक आहे. दुसऱ्या परिच्छेदात ‘पुरावा’ हाच शब्द आहे. तिथवर वाचण्याची तसदी घेतली असती तर दिसला असता. लहरींचा उगम महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांत ‘असावा’ असंच लिहिलंय, ‘आहे’ असं नाही.

लांब वाक्यं आणि धूसर चित्र यांवर मी वेळ घालवणार नाही. पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली, तरच उत्तर देईन.