निम्मं कळलं म्हणजे अंदाजपंचे नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, गॅमा किरणांच्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं, की सगळ्या आकाशातून गॅमा किरणांची (म्हणजे सगळ्यात जास्त ऊर्जेच्या प्रकाशाची) सारखीच चमक येते तर तो यंत्रातलाच गोंधळ असेल, आणि त्यातली निम्मी ब्लेझरची (म्हणजे मधल्या महाकाय कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेल्या दूरच्या दीर्घिकांची), बाकीचीचं नक्की नाही म्हणता, तर हे अंदाजपंचे काम झालं. मला दोन्ही पटत नाही, काहून ते सांगतो.

आधी यंत्राचं. ही चमक मोजणारी फर्मी ही गॅमा किरणांची दुर्बीण 2008 पासून अवकाशात फिरतेय, आणि तिच्यावर गॅमा किरणांपेक्षा हजारो पटीनं जास्त विद्युतभारित कण आदळतात. म्हणून तिच्या मुख्य यंत्राला प्लास्टिकच्या 89 फरश्यांचं कवच आहे. भारित कण शिरला की फरशी चमकते, गॅमा किरण मात्र तसाच आत जातो, टंगस्टनच्या पातळ पत्र्यात त्याचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होतात अन् त्या जोडीच्या वाटेवरून तो कुठून आला ते कळतं. तरी थोडे कण चकवा देतातच, त्यांचा हिशोब करून ते वजा करतात. आणि ही चमक काही शे जीईव्हीच्या (जीईव्ही म्हणजे किरणाची ऊर्जा मोजायचं एकक) पुढे झपाट्यानं कमी होते, लांबून येणारे किरण वाटेत ताऱ्यांच्या प्रकाशाला धडकून संपले तर जशी व्हायला पाहिजे अगदी तशी. यंत्रातला गोंधळ असा वागत नाही.

आता निम्म्याचं. रामटेकच्या गडावरून रात्री खालचे दिवे एकेक मोजता येतात, नागपूरकडे नुसता उजेड दिसतो, तरी तिकडे दिवेच आहेत हे आपल्याला माहीत असतं. फर्मीच्या आधीच्या एग्रेट या गॅमा दुर्बिणीच्या 1999 च्या यादीत 271 स्रोत होते, फर्मीच्या यादीत 5000 च्या वर गेले, म्हणजे आधी पार्श्वभूमीत धरलेलं पुष्कळ काही सुटं झालं. त्यात 50 जीईव्हीच्या वर बघितलं तर ब्लेझरचा वाटा निम्मा नाही, 86 टक्क्यांच्या आसपास निघतो! न दिसणाऱ्यांचाही माग लागतो, कारण थोडे पण तेजस्वी स्रोत असतील तर फोटॉन (प्रकाशाचे कण) पुंजक्यांनी येतात, असंख्य मंद असतील तर सपाट पसरतात, आणि हा फरक मोजता येतो.

खरी अडचण तुम्ही विचारलीच नाही, ती आपल्याच आकाशगंगेची आहे. वैश्विक किरण (अवकाशातले वेगवान भारित कण) इथल्या वायूवर आदळून जो गॅमा उजेड करतात तो आधी काढून टाकावा लागतो, आणि त्याचं मॉडेल थोडं बदललं की उरलेला आकडाही हलतो. त्या उरलेल्यावरूनच भांडण आहे, 2021 मध्ये नेचरमध्ये आलेला एक पेपर म्हणतो की तो मुख्यतः तारे जन्मणाऱ्या दीर्घिकांचा आहे, ब्लेझरचा नाही. शंका घ्यायचीच तर इथं घ्या, मी पुढच्या लेखात हेच मॉडेल उलगडणार आहे.