'आधी डिजिटल घ्या, ट्रॅक कुठलाही चालतो' हा मॉडेल ट्रेनवाला सल्ला मला का पटत नाही

मॉडेल ट्रेनच्या छंदात नवीन आलेल्या लोकांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फॉरवर्ड होतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. थोडक्यात असा: डीसी (रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालवायची जुनी पद्धत) संपलं, पहिल्याच दिवशी डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत) घ्या. डीसीसीला दोनच वायर लागतात. पॉवर सप्लाय जितक्या जास्त अँपिअरचा तितका चांगला. ट्रॅक कुठलाही चालतो, 16.5 मिमी असला की झालं. आणि मोबाईलवरून गाडी चालवायची तर महागडी सिस्टीम घ्यावीच लागते.

एका दमात वाचलं की सगळं पटतं, आणि मला काळजी त्याचीच वाटते, कारण यात क्रमच उलटा लावलाय. इंजिनाला वीज मिळते ती चाक रुळाला जिथे टेकतं तेवढ्या इवल्याशा जागेतून, ती जागा धड नसेल तर वर कितीही भारी कंट्रोलर लावा, गाडी अडखळणारच. म्हणून आधी ट्रॅक आणि वायरिंग, मग पॉवर, कंट्रोल सगळ्यात शेवटी. उत्तरंही त्याच क्रमाने देतो.

'ट्रॅक कुठलाही चालतो.' 16.5 मिमी हे दोन रुळांमधलं अंतर झालं, एचओ (1:87) आणि ओओ (1:76) या दोन्ही स्केलना तेच लागतं इथपर्यंत बरोबर. पण मार्कलिन कंपनीचा एचओ ट्रॅकही 16.5 चाच असतो आणि त्यात वीज मधल्या ठिपक्यांमधून येते, त्यांच्या गाड्यांची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात, त्यामुळे तो डबा साध्या दोन रुळांच्या ट्रॅकवर ठेवला की सरळ शॉर्ट. जुना सेट स्वस्तात मिळतोय म्हणून उचलण्याआधी हे एवढं तरी बघा.

मग रुळाची उंची. कोड 100 म्हणजे 2.54 मिमी, कोड 83 म्हणजे 2.1, कोड 75 म्हणजे 1.9. कोड जितका कमी तितका रूळ दिसायला खरा, पण जुन्या इंजिनांच्या चाकांची कड खोल असते, ती कोड 75 वर रूळ धरणाऱ्या प्लास्टिकवर खडखड आपटत जाते. आणि धातू! स्टीलचे रूळ मुंबईत किंवा कोकणात एक पावसाळा उघडे ठेवले की गंजतात, पितळेवर काळपट थर चढतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. निकेल सिल्व्हर हा मिश्रधातू महाग आहे पण घ्यायचं तर तेच घ्या, अधूनमधून कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं की भागतं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वळणात. आपल्या रेल्वेचा नवा एलएचबी डबा खरा 23.54 मीटर लांब, एचओमध्ये तो 27 सेंटीमीटरचा होतो, जुना आयसीएफ डबा साधारण साडेचोवीस. आणि सेटमध्ये येणारं सगळ्यात घट्ट वळण, म्हणजे पेको कंपनीची पहिली रेडियस (वळणाची त्रिज्या), 371 मिमी. त्यावर एवढा लांब डबा घातला तर मधला भाग आत घुसतो, टोकं बाहेर लोंबतात, शेजारच्या लाइनवरच्या गाडीला घासतात आणि कपलिंग ओढलं गेलं की डबा रुळावरून उतरतो. राजधानीचा पूर्ण रेक पळवायचं स्वप्न असेल तर वळणाला जागा किती मिळतेय ते आधी मोजा आणि मगच स्केल ठरवा, टू बीएचकेमध्ये बऱ्याच जणांसाठी 9 मिमीचा, आकाराने लहान एन गेजच बरा पडतो. (आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिमी 87 ने भागले तर 19.26 येतात, म्हणजे भारतीय गाडीला 16.5 मुळात अचूक नाहीच, पण चाकं आणि पॉइंट (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारे सांधे) तयार मिळतात म्हणून लोक तेच वापरतात, त्यात काही गैर नाही.)

'डीसीसीला दोनच वायर.' एका लंबगोलाला दोनच वायर डीसीलाही लागतात! खरा प्रश्न लेआउट वाढल्यावर येतो. निकेल सिल्व्हर वीज वाहून नेण्यात तांब्याच्या कितीतरी मागे आहे आणि दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटी कालांतराने सैल पडतात, काळ्या पडतात, दर जोडाला थोडा थोडा व्होल्टेज गळत जातो. डीसीत गाडी लांबच्या टोकाला फक्त मंदावते, डीसीसीत मात्र डिकोडरला (इंजिनातल्या, हुकूम वाचणाऱ्या छोट्या सर्किटला) मिळणारी वीज क्षणभर तुटली की साउंडवालं इंजिन चालता चालता बंद पडून पुन्हा स्टार्ट होतं. उपाय जुनाच आहे. प्लायवूडच्या खालून घरगुती वायरिंगची 1.5 स्क्वेअर एमएमची लाल-काळी जोडी फिरवा, तिला बस म्हणतात, आणि शक्यतो रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून बारीक वायर सोल्डर करून बसला जोडा. काम कंटाळवाणं आहे, मान दुखते, पण नंतरची सगळी डोकेदुखी इथेच संपते.

मग नाण्याची टेस्ट करा: कंट्रोलर चालू ठेवून रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा, लगेच ट्रिप झालं पाहिजे. बसपासून सगळ्यात लांबच्या टोकाला, पॉइंटच्या पलीकडे, सायडिंगच्या शेवटाला, सगळीकडे. जिथे ट्रिप होत नाही तिथे नाणं ताबडतोब उचला आणि वायर वाढवा, कारण उद्या तिथे डबा घसरला तर वीज वाहतच राहणार आणि प्लास्टिक वितळणार.

आणि गाडी फिरून त्याच लाइनवर उलट्या दिशेने येते असा लूप टाकलात तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो, तिथे दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून इन्सुलेट करावेच लागतात आणि पोलॅरिटी बदलायची सोय करावीच लागते. डीसीसीत त्यासाठी ऑटो-रिव्हर्सर मिळतो, पण तो वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याच्या वायरी त्या 'दोन'मध्ये कोणी मोजत नाही.

'जास्त अँपिअर तितकं चांगलं.' हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. इंजिन त्याला लागेल तेवढाच करंट घेतं, आजकालचं एचओ इंजिन साधारण अर्ध्या अँपिअरच्या आत आणि एन त्याहून कमी. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळून आणलेला एलईडी स्ट्रिपचा 12 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) थेट लावून काय मिळतं? गाडी घसरून शॉर्ट झाला की त्या इंजिनातल्या केसासारख्या बारीक वायरीतून 5 अँपिअर. शिवाय त्या जाळीवाल्या एसएमपीएसच्या स्क्रूंवर 230 व्होल्ट उघडे असतात, आणि हा छंद घरातल्या पोरांसोबतचा आहे. लहान डीसी लेआउटला शॉर्ट झाल्यावर स्वतःहून बंद होणारा 1 अँपिअरचा कंट्रोलर पुरतो. मोठे अँपिअर मोठ्या डीसीसी लेआउटला लागतात, तेही लेआउटचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा ब्रेकर लावून.

याच मुद्द्यात एक गोष्ट तो सल्ला सांगतच नाही. अमेरिकेतल्या मामा-काकांनी आणलेल्या सेटसोबतचा पॉवर पॅक बहुतेक वेळा 120 व्होल्टचा असतो. पिन बदलून आपल्या 230 वर लावला की गेला. मागचं लेबल वाचा, त्यावर 100 ते 240 लिहिलं नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा इथला कंट्रोलर घ्या.

'डीसी संपलं.' जपानमध्ये एन गेजवाले आजही मोठ्या प्रमाणावर डीसीवरच चालवतात. एक लूप, एका वेळी एक गाडी, असं असेल तर डीसीत काही कमी नाही. डीसीसीत प्रत्येक इंजिनाला डिकोडर लागतो, जुन्या इंजिनाची मोटर चेसिसपासून इन्सुलेट करावी लागते, हा खर्च आणि खटाटोप कशासाठी हे आधी ठरवा. एकाच लाइनवर दोन इंजिनं वेगवेगळी हलवायची असतील, उभ्या गाडीचे दिवे आणि आवाज चालू हवे असतील, तर डीसीसी नक्की घ्या, त्याला तोड नाही. फक्त डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं ठेवू नका, मोटर गुणगुणत राहते, तापते, आणि कोअरलेस मोटर असेल तर जळते.

'मोबाईलसाठी महागडी सिस्टीम.' गरज नाही. डीसीसी-ईएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आर्डुइनो मेगा हा छोटा बोर्ड आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड यांवर चालतं, जुन्या लॅपटॉपवर जेएमआरआय हे मॉडेल ट्रेनचं सॉफ्टवेअर फुकट टाकता येतं, अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर अॅप घेतलं की फोन हाच थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायचा कंट्रोल). शील्डवरचा 'व्हिन कनेक्ट' जोड मात्र ब्लेडने कापायला विसरू नका, नाहीतर ट्रॅकचा व्होल्टेज आर्डुइनोत शिरून बोर्ड खराब होऊ शकतो. आणि डिकोडर बसवलेलं इंजिन आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडर तपासायच्या वेगळ्या तुकड्यावर) ठेवून त्याचा पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, वाचा, नव्या डिकोडरचा तो 3 असतो. वाचता आला नाही तर मुख्य लाइनवर न नेता डिकोडरची वायरिंग परत तपासा.