वर काही नाही

सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत मावशीने फोटो धाडला. फोटोत मी आहे, चेहरा नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ जमिनीला समांतर, टी-शर्ट वर सरकलेला आणि त्या उघड्या पट्टीवर इटलीचं लख्ख ऊन. खाली कुणीतरी लिहिलंय, 'काप्री बेटावर भेटलेले आपले पाहुणे. दम लागला होता बिचाऱ्यांना.' मावशीचा प्रश्न तेवढाच, 'हा आपलाच ना रे?'

हो मावशी, आपलाच. आणि फोटो काढणाऱ्या काकांची आणि माझी ओळख आयुष्यात मिळून पाऊण तासाची.

झालं असं की सोरेंटोत मुक्काम होता, लेकीने काप्रीचं फर्मान काढलं. बोटीने मरीना ग्रांदे बंदरात, तिथून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढतात त्या डोंगरी रेल्वेने, वर गावातल्या चौकात. या चौकात खुर्चीवर बसून कॉफी प्यायची म्हणजे खुर्चीचं भाडं वेगळं, त्यामुळे आम्ही उभ्या उभ्याच चौक बघितला. पुढे पूर्वेच्या टोकाला, डोंगराच्या माथ्यावर, व्हिला योव्हिस. रोमचा दुसरा सम्राट तिबेरियस याचा वाडा. चालत पाऊण तास, असं लेक म्हणाली. तो पाऊण तास चौदा वर्षांच्या मुलीचा असतो हे तिने सांगितलं नाही.

काप्रीच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. सगळी ने-आण विजेवर चालणाऱ्या चिंचोळ्या गाड्यांवरून. मागून टिंगटिंग वाजलं की माणसांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. आम्ही भिंतीला चिकटलो की समोरून पाण्याच्या बाटल्यांचे खोके जायचे, कधी कपड्यांची गाठोडी, कधी कुणाच्या तरी चामड्याच्या सुटकेसा. सुटकेस वातानुकूलित हॉटेलाकडे बसून चाललेली आणि माझी बहात्तर वर्षांची आई पायी. मी एकदा हात करून बघितला. गाडीवाल्याने हसून हात केला आणि गेला.

व्हिया तिबेरियो नावाचा हा रस्ता आधी घरांमधून जातो. दारांवर रंगीत फरशांच्या पाट्या, कुंपणावरून लोंबणारी बोगनवेल, परसात लिंबाची झाडं, भिंतीवर सरडे. मग घरं विरळ होतात, चढ मात्र होत नाही. आणि बरोब्बर तिथे, जिथे माझी छाती भात्यासारखी चालायला लागली होती, तिथे एका कठड्यावर काका बसले होते.

पांढरेशुभ्र बूट. डोक्यावर एका सहकारी बँकेची टोपी. गळ्यात पाण्याची रिकामी बाटली, दोरीने. आमच्या हिने मुलाला "अरे कडेने चाल, कडेने!" असं ओरडून सांगितलं आणि काकांचा चेहरा उजळला.

"मराठी!" काका म्हणाले. विचारलं नाही, पकडलं.

मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो होतो. उत्तर द्यायला हवा शिल्लक नव्हती. (फोटो बहुधा याच वेळचा. नमस्कार करायच्या आधी फोटो काढणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.)

"बोटीचे किती पडले?"

मी सांगितले.

"फसवलं तुम्हाला," काका समाधानाने म्हणाले. "आमच्या जावयाने आधी बुक केलं होतं. राहायला कुठे?"

सोरेंटो म्हटलं.

"रात्रीचे किती?"

सांगितलं.

"ब्रेकफास्ट धरून?"

"नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बायकोकडे. मग आकाशाकडे. एका संसाराची अशी वाताहत त्यांना बघवेना.

मुलगी-जावई म्युनिकला असतात, त्यांच्याकडे तीन महिन्यांसाठी आलोय, ती दोघं खाली कमान बघायला गेलीत, मी वर जाऊन आलो, ही सगळी माहिती न विचारता मिळाली. मग काकांनी ते वाक्य उच्चारलं.

"वर जाऊ नका. वर काही नाही."

"म्हणजे?"

"भिंती आहेत. पडक्या. छप्परसुद्धा नाही." एवढ्या मोठ्या सम्राटाने छप्पर का नाही ठेवलं, असा एकूण सूर. "आणि तिकीट घेतात त्याचं! आपला रायगड बघा. यापेक्षा कितीतरी जास्त दगड आहेत."

आता मला हवा आली. रायगडाचा हिशोब दगडांवर करणारा माणूस माझ्यासमोर इटलीत बसला होता. मी विचारलं, "जाता का रायगडावर?"

"एकदा गेलो. रोपवेने." मग जरा विचार करून, "तिथेही तसं वर काही नाही."

मी काहीतरी बोललो असतो. पण तोवर आई काकांच्या शेजारी कठड्यावर टेकली होती आणि तिने पिशवीतून बाकरवडीचं पाकीट काढलं होतं. ही बाकरवडी मी पुण्याहून जपत आणली होती. रोज संध्याकाळी माणशी मोजून मिळायची. काकांनी पाकीट हातात घेऊन आधी तारीख वाचली, मग ती बऱ्यापैकी संपवली. शर्टावर पडलेले तीळ बोटाने टिपून टिपून खाल्ले. मध्ये एकदा "जरा नरम पडलीय" असंही म्हणाले.

"गाव कुठलं म्हणालात?" आईने विचारलं.

"कऱ्हाड. म्हणजे मूळ वाई."

"अगंबाई! वाईत कुठे?"

संपलं. तिबेरियस, रोम, भूमध्य समुद्र, सगळं संपलं. गणपती घाटापासून सुरुवात झाली आणि चार-पाच आडनावांत आईच्या चुलत वहिनीचे व्याही निघाले. काकांनी तिथल्या तिथे आईचा नंबर घेतला. आईने दिला. मी पुढे निघालो तेव्हा आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे. हे म्हणतायत वर काही नाही."

मला याचा खरंच राग येतो, आणि तो एकट्या काकांवरचा नाही. कुठल्याही चढावर, पायथ्याच्या वर आणि माथ्याच्या खाली, हा माणूस बसलेला असतोच. तो स्वतः जाऊन आलेला असतो, हे विशेष. स्वतःचे पाय दुखले की जग उरकलं. आपण निघायच्या आधी घरीही हेच ऐकलेलं असतं, 'एवढे पैसे घालून पडक्या भिंती बघायला जाणार?' भिंती पडक्या असतात कारण त्या दोन हजार वर्षं उभ्या आहेत. आमच्या सोसायटीची कंपाउंड वॉल तीन पावसाळ्यांत पडली, तिला बघायला कोणी यावं असं माझं म्हणणं नाही.

असो. आम्ही चौघं वर गेलो. मुलगा फोनवर होता, म्हणजे तिघं.

वर गेल्यावर मला तिबेरियस एकदम जवळचा वाटायला लागला. हा माणूस इ.स. 26 मध्ये रोम सोडून निघाला, पुढच्या वर्षी काप्रीवर येऊन राहिला, आणि 37 मध्ये मरेपर्यंत पुन्हा रोमच्या वेशीत शिरला नाही. का, याची कारणं जुन्या लेखकांनी बरीच दिली आहेत. त्यातलं एक, आईच्या वरचष्म्याला कंटाळून. रोमन इतिहासकार टॅसिटस म्हणतो, बेटावर त्याचे बारा वाडे होते. हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत उंच, समुद्रापासून तीनशेहून अधिक मीटर. इथून तो पत्रांवर साम्राज्य चालवायचा. इ.स. 31 मध्ये त्याचं असंच एक लांबलचक पत्र सिनेटमध्ये वाचलं गेलं. सेजानस हा त्याचा उजवा हात, बढतीची बातमी असेल म्हणून खुशीत ऐकत बसला होता. पत्र संपेपर्यंत त्याला अटक, त्याच दिवशी देहान्त. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर असं एक पत्र टाकायची माझी फार इच्छा आहे.

माथ्यावर झरा नाही, विहीर नाही. म्हणून वाड्याच्या पोटात प्रचंड टाक्या बांधल्या आणि बाकी वाडा त्यांच्याभोवती उभारला. पावसाचं पाणी अंगणातून सरळ टाक्यांत. कमानींच्या आत वाकून बघितलं तर थंडगार अंधार. एका बाजूला स्नानगृहांच्या खोल्या. उत्तरेला सम्राटाच्या फेऱ्यांसाठी लांब सरळ वाट, शे-पाऊणशे पावलांची तरी, समोर नेपल्सचं आखात आणि पलीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखी. तिबेरियस इथे फेऱ्या मारत होता तेव्हा तो डोंगर गप्प होता, पुढे त्यानेच गाडलेल्या पाँपेईत बाजार भरत होता. आमची ही एक फेरी मारून म्हणाली, "एवढ्या निवांत जागी मीसुद्धा दहा वर्षं राहीन. एकटी." शेवटचा शब्द जरा सावकाश आला.

आणि संगमरवर? तो नाहीच. अठराव्या शतकात उकरून उचलून नेला. एका फरशीचा तुकडा तर खाली गावात, सांतो स्तेफानोच्या चर्चमध्ये बसवलेला आहे. म्हणजे काकांच्या म्हणण्यात तथ्य होतं, वर काही नाही. ते आहे खाली, चौकाला लागून, जिथे आम्ही खुर्चीच्या भाड्याला घाबरून थांबलो नव्हतो. बाकीचं जे दिसतं ते अमेदेओ माइउरी नावाच्या पुरातत्त्वज्ञाने 1932 ते 35 मध्ये मातीखालून काढलं.

पुढे कडा आहे, तिबेरियसची उडी म्हणतात त्याला. नको असलेली माणसं इथून ढकलायचे, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. खाली समुद्र इतका खोल दिसतो की मुलाने फोन खिशात ठेवला. त्याच सुएटोनियसची आणखी एक गोष्ट लेकीने तिथे वाचून दाखवली. सम्राट एकटा बसला असताना एक कोळी मागच्या बाजूने, वाट नसलेल्या कड्यावरून चढून आला, मोठा मासा भेट द्यायला. सम्राट दचकला. हा इथवर चढलाच कसा? त्याने तोच मासा कोळ्याच्या तोंडावर घासायला लावला. कोळी कळवळत म्हणाला, नशीब, पकडलेली काटेरी शेवंड नाही दिली. मग ती शेवंडही आणवली गेली.

सुएटोनियसने हे लिहिलं सम्राट मेल्यावर ऐंशीएक वर्षांनी, त्यामुळे बरंचसं ऐकीव असणार. अभ्यासकही या गप्पांकडे संशयाने बघतात. माणूस क्रूर होता, त्यात वाद नाही, आणि लेकीने पुस्तक मिटून "किती दुष्ट!" म्हटलं तेव्हा मीही मान डोलावली. पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर कोळ्याच्या जागी सहकारी बँकेची टोपी होती. माणूस सगळं सोडून बेटाच्या टोकाला, कड्याच्या माथ्यावर येऊन बसतो, आणि तिथेही कोणीतरी चढून येतं आणि ओळख काढतं. माझ्याकडे मासा नव्हता. बाकरवडी होती, तीही त्यांनी संपवलेली.

उतरताना आई कठड्यावर एकटीच. काका पुढे गेले होते. "भले गृहस्थ आहेत," आई म्हणाली. "फोटो पण काढले त्यांनी आपले. पाठवतो म्हणालेत सगळ्यांना."

गावाजवळ लिंबांनी सजवलेली एक टपरी होती. ग्रॅनिटा म्हणजे लिंबाचा बर्फ, पेल्यात. पाच पेले घेतले आणि जे पैसे दिले त्यात आमच्या वाईच्या बाजारात लिंबाची पोती आली असती. पहिला चमचा जिभेवर ठेवला तर शेजारी पांढरेशुभ्र बूट.

"किती पडले?"

दिवसभरात पहिल्यांदाच मला पायांत जोर जाणवला. मी म्हटलं, "काहीच नाही. वरचं तिकीट दाखवलं की फुकट देतात."

काकांचा चेहरा बदलला. एवढ्या दिवसांच्या युरोपात त्यांच्यापेक्षा स्वस्तात कोणी काही मिळवलं नव्हतं. त्यांनी पाकीट काढलं, पाकिटातून व्हिला योव्हिसचं चुरगळलेलं तिकीट काढलं, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केलं आणि टपरीकडे निघाले.

"चला," मी घरच्यांना म्हटलं, "फ्युनिक्युलर सुटेल."

"दर थोड्या वेळाने असते की," लेक म्हणाली.

"चल म्हटलं ना!"

वळणावरून मागे बघितलं. टपरीवाला दोन्ही हात हवेत उडवून काहीतरी सांगत होता, काका तिकिटावर बोट आपटत होते, आणि मागे पाच-सहा माणसांची रांग झाली होती. रांगेतली एक बाई पर्समधून आपलं तिकीट शोधत होती.