नव्या नर्सना म्हणे कामात रस नाही!

आज मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून डोकं सणकलंय. रस वाढावा म्हणून सेशन ठेवलंय. कधी? सकाळी, नाइट उतरल्यावर. हजेरी सक्तीची. रात्रभर पायांवर असलेल्या पोरींना तणावमुक्तीचे व्हिडिओ दाखवणार!

आमच्या वॉर्डातल्या एका नव्या मुलीचं सांगते. ड्युटी संपवून घरी गेली की हमखास तिचा फोन. "ताई, सात नंबरचं अँटिबायोटिक दिलंय मी, पण चार्टवर सही केलीय का? बघता का जरा?" सही असायचीच. तरी मी बघून सांगेपर्यंत तिला झोप यायची नाही. कधी सलाइनचा स्पीड, कधी बेडची रेलिंग वर केली होती का. याला रस नसणं म्हणायचं?

शिकताना एक पेशंट घेऊन पानंच्या पानं केअर प्लॅन लिहिलेला असतो. नोकरीला लागलं की अख्खी रांग अंगावर. एकाला थंडी वाजून ताप भरलाय, एकाचा हात सलाइनने सुजलाय, एकाला ओटीत न्यायचंय, नातेवाईक ओरडतायत आणि राउंडही तेव्हाच. मार्लीन क्रेमर या अमेरिकन नर्सबाईंनी १९७४ मध्येच याला 'रिअॅलिटी शॉक' म्हटलं होतं. आम्ही अजून पोरींचा अॅटिट्यूडच तपासतोय.

हो, काही जणी ड्युटीवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. बसतात. पुढे.

त्या फोनवालीला एकदा हँडओव्हरला पेशंटसमोर झापलं. गुन्हा काय? डोस पुन्हा विचारला. "एवढंही येत नाही? मग शिकलीस काय?" त्यानंतर ती विचारेनाशी झाली. फोनही थांबले. सगळे म्हणाले, चला, रुळली एकदाची! माझ्या पोटात मात्र गोळा आला. एवढ्यात सगळं कुणाला येतं हो? घाबरून गप्प झाली होती ती.

पुढचं ठरलेलंच. अंगातलं बळ संपतं, पेशंट नुसता बेड नंबर होतो, आपल्याला काही जमत नाही असं वाटायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन जवळपास असंच केलं, आणि तो आजार नसून कामाशी जोडलेली अवस्था आहे असंही लिहिलं. कामाशी! पोरीच्या स्वभावाचा त्यात उल्लेख नाही. (पोरांच्याही नाही. मेल नर्सना तर रडायचीसुद्धा सोय नसते.)

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. झापणारी सिनियरही डबल ड्युटी ओढत होती, तेही मी बघितलंय. पण त्याचा हिशेब वर मागायचा ना, खालच्या पोरीकडून कशाला वसूल करायचा?

सेशनऐवजी सुरुवातीला नवीला नाइटला एकटी टाकू नका. वेडे प्रश्न बिनधास्त विचारता येतील अशी एक सिनियर तिला ठरवून द्या. पेशंट गेला तर लगेच पुढच्या बेडकडे पळवू नका, थोडं बसू द्या. त्या मुलीला हल्ली मीच फोन करते. आधी नुसतं "हो ताई, बरं ताई" चालायचं. आता बोलते थोडं.

ता. क. 'आमच्या वेळी आम्हीही रडतच शिकलो' ही कमेंट टाकणाऱ्या मैत्रिणींनो, आपल्या बॅचच्या ज्यांनी नर्सिंगच सोडलं त्यांना टॅग करून मग लिहा.