गोणी कधी फोडली?

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगते.

गेल्या वर्षी एका ऑनलाइन हॅकेथॉनला (ठरलेल्या थोड्या तासांत टीमनं काहीतरी बनवून दाखवायची स्पर्धा) मी मेंटॉर, म्हणजे टीमची मार्गदर्शक, आणि परीक्षक अशी दोन्ही होते. नाव घेत नाही, कारण तक्रार आयोजकांइतकीच माझ्याबद्दलही आहे. विषय दणदणीत: तंत्रज्ञानातून शाश्वत विकास उद्दिष्टं. ही उद्दिष्टं म्हणजे सप्टेंबर २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी मान्य केलेली १७ कलमं आणि त्यांच्या पोटातली १६९ लक्ष्यं. मुदत २०३०. संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४च्या अहवालानुसार, ज्यांचं मोजमाप होऊ शकतं त्या लक्ष्यांपैकी जेमतेम १७ टक्के वेळेत पुरी होण्याच्या वाटेवर आहेत. आणि आमच्या पोरांकडे वेळ किती? शनिवारी सकाळी ९ ते रविवारी रात्री ११.५९. म्हणजे ३९ तास, त्यातले दोन उद्घाटनाच्या भाषणांत गेले.

माझ्याकडे आलेली टीम चार जणांची, सगळी तिसऱ्या वर्षाची इंजिनिअरिंगची मुलं. सहावं उद्दिष्ट घेतलेलं, पाण्याचं. प्रकल्पाचं नाव 'जलमित्र'. (प्रत्येक हॅकेथॉनमध्ये किमान तीन 'जलमित्र' असतात. कुणीतरी मोजा.) कल्पना अशी की गावच्या टाकीत एक डबा बसवायचा, त्यात टीडीएस, पीएच (पाण्याची आम्लता) आणि गढूळपणा मोजणारे तीन सेन्सर, आकडे क्लाउडवर जाणार, नकाशावर गाव हिरवं नाहीतर लाल दिसणार. डेमो छान होता. रंग तर फारच छान.

मी विचारलं, "यातला कुठला सेन्सर सांगेल की हे पाणी प्यायल्यावर हगवण लागणार आहे?"

सगळे म्यूट.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्या, असं भारतीय मानक सांगतं. पण टीडीएस १५० असलेलं, काचेसारखं नितळ पाणीसुद्धा जंतूंनी भरलेलं असू शकतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत दुखणं आहे फ्लोराइडचं. तिथे लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात आणि हाडं जातात, आणि टीडीएस मीटरला त्यातलं काही कळत नाही, त्याला सगळे क्षार सारखेच. मग हेच तीन सेन्सर का? कारण ऑनलाइन मागवलं की तीन दिवसांत घरी येतात, स्वस्तात. मुलांना हसत नाहीये मी. मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकांतही जे सहज मोजता येतं त्याचाच आलेख निघतो.

त्यांच्यातल्या एकीचे मामा सांगोला तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीचं पाणी सोडतात. कागदोपत्री जलसुरक्षक. रात्री साडेनऊला तिनं त्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि लॅपटॉपसमोर धरला. अख्ख्या हॅकेथॉनमधली ही वीस मिनिटं मला सगळ्यात कामाची वाटली.

मामा आधी बिचकले. "तुमच्या मॅडम हाईत का लायनीवर?" म्हणाले. मग खुलले. रोज सकाळी टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकायची, हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशेबानं. मग गावाच्या शेवटच्या टोकाच्या घरी जायचं, नळाचं पाणी नळीत घ्यायचं, ओटीचे (क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं. नाही झालं तर नाही पोचलं. एवढं सगळं वहीत लिहायचं. वर्षातून दोनदा तपासणी होते आणि त्यावरून गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. म्हणजे आमच्या मुलांचा लाल-हिरवा नकाशा महाराष्ट्रात पुठ्ठ्यावर कधीचाच आहे. हे ऐकल्यावर टीमचे चेहरे बघण्यासारखे होते.

"मग अडचण काय आहे मामा?"

"अडचण काय न्हाई. पावडर टाकतोच की रोज. पण गोणी कवा फोडली ते कुणी इचारतंय का? उघडी गोणी दोन-तीन म्हैने पडली की पावडरीत दम ऱ्हात न्हाई. माप तेवढंच, पाणी पिवळं हुईना. मग लोक म्हणत्यात ह्यानं टाकलीच न्हाई."

अगदी बरोबर बोलत होते ते. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हवा-ओल लागली की ते उडत जातं, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये असा दंडक आहे. ५० हजार लिटरच्या टाकीला ताजी पावडर २५० ग्रॅम पुरते. तीच २० टक्क्यांवर आली की ४०० ग्रॅमच्या वर लागते. माणूस प्रामाणिकपणे २५० ग्रॅम टाकतो आणि शेवटच्या घरातलं लेकरू आजारी पडतं.

पोरांनी रात्री अकराला डबा, क्लाउड, नकाशा सगळं गुंडाळून ठेवलं. रविवारभर बसून एक साधं पान केलं. गोणी फोडल्याची तारीख टाका, टाकी किती लिटरची ते टाका. आज अंदाजे किती ग्रॅम टाकायची ते मोठ्या मराठी अक्षरांत येतं. खाली ओटीच्या नळीचा फोटो काढायची जागा, तारीख-वेळ आपोआप. गोणी जुनी झाली की ग्रामसेवकाला मेसेज: नवीन मागवा. नेट नसलं तरी चालतं, रेंज आली की पुढे जातं. बस्स. तारखेवरून काढलेला आकडा अंदाजाचाच, खरा निवाडा नळीतल्या रंगाचा, हेही त्यांनी वर ठळक लिहिलं. ते मला फार आवडलं.

निकाल? पहिल्या फेरीत बाद. शेरा होता: "नावीन्य कमी. एआयचा वापर दिसत नाही."

मी चिडले, आयोजकांना मेलही टाकणार होते. मग स्वतःची गुणपत्रिका उघडली. मेंटॉरनं आपली टीम तपासायची नाही, म्हणून मी त्या वेळी दुसऱ्या गटात परीक्षक होते. तिथे एका टीमनं ड्रोननं नदीतलं प्लास्टिक ओळखायचं दाखवलं होतं. व्हिडिओला संगीत, मागे सूर्यास्त. नावीन्याचे १०पैकी १० मी दिले होते. ड्रोन उडवणार कोण, प्लास्टिक ओळखल्यावर उचलणार कोण, हे मी विचारलंच नाही. समोर तीन मिनिटांचा व्हिडिओ, रात्रीचा एक वाजलेला आणि अजून चौदा टीम बाकी. मी तेच केलं जे माझ्या पोरांच्या परीक्षकानं केलं.

हॅकेथॉन म्हणजे नुसती जत्रा, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मार्च २०२०मध्ये जर्मनीत सरकारच्या पाठिंब्यानं कोरोनावर ऑनलाइन हॅकेथॉन झालं. ४८ तास, २८ हजारांवर माणसं, दीड हजाराच्या आसपास प्रकल्प. त्यातून टिकलेल्यांपैकी एक होतं 'यूडो'. काम काय, तर टाळेबंदीत कामाचे तास कमी कराव्या लागलेल्या छोट्या धंदेवाल्यांना सरकारी मदतीचा अर्ज भरायला हात देणं. अर्ज! ड्रोन नाही, नकाशा नाही. आणि तिथे ४८ तासांनंतर दुकान बंद झालं नाही, निवडक प्रकल्पांना पुढे काही महिने साथ दिली गेली.

'कॉल फॉर कोड' ही जागतिक स्पर्धा आयबीएमच्या पुढाकारानं २०१८मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी जिंकलेल्या 'प्रोजेक्ट आउल'नं आपत्तीत मोबाइल टॉवर पडल्यावर चालेल असं छोट्या रेडिओ-डबड्यांचं जाळं केलं होतं. बक्षीस दोन लाख डॉलर. पण डबडी घेऊन ते प्वेर्तो रिकोत गेले, तिथे चाचण्या केल्या, म्हणून त्याला अर्थ आला. २०२१ला तीच स्पर्धा भारतातल्या 'साफ वॉटर'नं जिंकली, विषय पुन्हा भूजल. त्यांच्यातल्या एकाची आई गावचं पाणी पिऊन आजारी पडली होती, तिथून ते कामाला लागले. प्रश्न घरातून आला होता, आयोजकांच्या पीडीएफमधून नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की प्रश्नपत्रिका मामांसारख्यांना काढू द्या. ज्याला रोज टाकीवर चढायचंय त्याला परीक्षक म्हणून बसवा, मानधन द्या, त्याचे गुण आमच्या बरोबरीनं धरा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायांना पाणी तपासायच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलंय, त्यांतली एक तरी परीक्षकांत हवी. आणि अर्धंच बक्षीस निकालाच्या दिवशी द्या. उरलेलं वर्षानं, वस्तू कुणी वापरत असेल तर. प्रायोजकांना हे आवडणार नाही, कारण वर्षानं फोटो काढायला कुणी येत नाही. यंदा मला पुन्हा बोलावणं आलंय. या अटी लिहून पाठवल्यात. अजून उत्तर नाही.

बाकी ते पान चालू आहे. एका गावात, एक माणूस वापरतो. परवा भाचीला मामांचा व्हॉइस मेसेज आला, तिनं मला पुढे पाठवला: "अगं, टाक्या दोन हाईत आपल्यात. तुमी एकाचीच जागा दिलीया. दुसरीचं कुठं लिवायचं?"

रविवारी बसतोय आम्ही पाचही जण. दुसऱ्या टाकीसाठी.