अडकलेली कळ आणि ४,००० रुपये

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत हलन्त, म्हणजे जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, ‘डी’च्या कळीवर असतो आणि माझ्या जुन्या कीबोर्डची नेमकी तीच कळ अडकते; त्यामुळे कोल्हापूर, रंकाळ्यावर, लक्ष्मीपुरी यांतले काहीही पहिल्या फटक्यात धड उमटत नाही आणि जोडाक्षरे दुरुस्त करता करता मूळ वाक्यच मनातून निसटते. रबरी पडद्याचा साधा कीबोर्ड ५००-७०० रुपयांत मिळतो, पण पडदा ढिला पडला की पुन्हा तेच रडगाणे. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला मेकॅनिकल कीबोर्ड अधिक टिकतो, हे मान्य; पण कोल्हापुरातल्या राजारामपुरीत त्याचे ४,००० रुपये सांगतात, त्यावर रंगीत दिवे असतात आणि देवनागरी अक्षर एकही नसते! १९९१ साली भारतीय मानकात आलेली ही इनस्क्रिप्ट मांडणी, आणि एवढे पैसे मोजूनही मराठीत लिहिणाऱ्याने कळांवर स्टिकर चिकटवत बसायचे, हे मला अजिबात पटत नाही.